पुरातून वाचलेलं पायमशीन आणि स्प्रे पेंटचे आठ डबे

माझ्या मावशीचं घर चिपळूणला, बैठं, पुढे अंगण, मागे पडवी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी गावात शिरलं तेव्हा तिच्या माजघरात साडेपाच फूट पाणी होतं. मावशी आणि काका दोघं शेजाऱ्यांच्या गच्चीवर, म्हणून जिवाला धक्का लागला नाही, पण घरातलं सामान सगळं पाण्याखाली गेलं. आम्ही ठाण्याहून पोचलो तेव्हा रस्त्यारस्त्यावर गाद्या, सोफे आणि टीव्हीचे ढीग लागले होते. प्लायवूडचं जे काही होतं ते पाव भिजल्यासारखं फुगून गेलेलं, ते टाकूनच दिलं. उरलं ते लोखंड आणि थोडं जुनं लाकूड. पायमशीन, दोन घडीच्या लोखंडी खुर्च्या, एक लोखंडी कपाट आणि भिंतीवरचा कोरीव चौकटीचा आरसा.

हे सगळं लिहितेय कारण हे घर पुन्हा बघण्यासारखं करायला आम्ही स्प्रे पेंट वापरला, एकदा सपशेल चुकलो आणि एकदा जमलं, आणि दोन्ही वेळचे डबे एकाच दुकानातले, एकाच कंपनीचे होते. फरक कशाने पडला ते नीट सांगितलं तर कुणाचे तरी पैसे वाचतील.

पहिली वेळ गणपतीची. २०२१ ला गणपती १० सप्टेंबरला होते, म्हणजे पुराला दोन महिनेही झाले नव्हते. मावशीचं एकच म्हणणं होतं की बाप्पा येणार त्या घरात गंजकं काही दिसायला नको. पैसे जपून वापरायचे होते कारण भिंतींचं आणि वायरिंगचं काम डोक्यावर होतं, त्यामुळे नवीन फर्निचरचा विषयच नव्हता. मग दादा (तिचा मुलगा) आणि मी तीन डबे आणले, काळे, २७० रुपयांना एक, खुर्च्या आणि मशीनचा स्टँड फडक्याने पुसला, वरवर पॉलिश पेपर फिरवला आणि पडवीत बसून मारून टाकला रंग. बाहेर पाऊस चालू होता.

अर्ध्या तासात काळ्यावर पांढरट धुकं चढल्यासारखं झालं. आम्हाला वाटलं डबाच खराब निघाला. पण डब्यात काही खोट नव्हती. स्प्रेमधलं थिनर फार पटकन उडून जातं, उडताना ते पत्र्यातली उष्णता घेऊन जातं, पृष्ठभाग एकदम गार होतो आणि कोकणातल्या सप्टेंबरच्या दमट हवेतलं पाणी त्या ओल्या रंगावर बसतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसंच. ते पाणी रंगात अडकलं की पांढरट दिसतं. दमट हवेत वापरू नका असं डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं.

त्याहून वाईट पुढे झालं. तीन आठवड्यांत खुर्चीच्या पायांवर फुगे आले, नखाने टोकरलं की काळा पोपडा निघायचा आणि खाली ओला, नारिंगी गंज. पुराचं पाणी नुसतं पाणी नसतं, त्यात चिखल, सांडपाणी, डिझेल, काय काय असतं. आम्ही तो गंज आणि तो ओलावा रंगाखाली कोंडून ठेवला होता, तो आत बसून लोखंड खात राहिला. ८१० रुपये गेलेच, पण मावशीच्या मनात बसलं की हे सगळं आता भंगारातच घालायचं, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. ते पायमशीन तिने लग्नानंतर स्वतः ब्लाउज शिवून साठवलेल्या पैशातून घेतलेलं.

त्याच गणपतीत अजून एक झालं, ते पण सांगून टाकते. माळ्यावर थर्माकोलची जुनी महिरप वाचली होती. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, म्हणून ती काही वर्षं तशीच पडून होती. दादाने तिच्यावर उरलेला स्प्रे मारला आणि ती डोळ्यांदेखत विरघळली, चाळणीसारखी भोकं पडली. साध्या स्प्रेमधलं सॉल्व्हंट, म्हणजे तेच थिनर, थर्माकोलला खातं, रंग कुठलाही असो. मखराला पुठ्ठा, बांबू, कागद घ्या, त्यावर स्प्रे छान बसतो.

दुसरी वेळ शिमग्याच्या आधी. २०२२ ला होळी १७ मार्चला होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कोकणात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते, आणि देवी स्वतः दारात येणार म्हणून घर सारवण्या-रंगवण्याचा जो उत्साह असतो तो आमच्याकडे दिवाळीपेक्षा जास्त. मावशीने फोनवर विचारलं, "अगो, पालखीपुढे ओटीचं ताट ठेवायला काहीतरी हवं ना गं, जमिनीवर नाही बरं दिसत." मी तिथेच ठरवलं की पायमशीनचं टेबल करायचं. मशीनचं डोकं गेलेलं होतं, आतले भाग पुरात जाम झालेले, पण खालचा बिडाचा स्टँड धडधाकट होता.

यावेळी आधी बसून ठरवलं की काय रंगवायचं आणि काय नाही, आणि मला वाटतं सगळं काम तिथेच अर्धं झालं. स्प्रेचा डबा ही वेलबुट्टीच्या, जाळीच्या, वळणाच्या वस्तूंसाठीची गोष्ट आहे. तिचा जन्मच तसा झालाय. १९४९ मध्ये अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या सिकॅमोर गावात एडवर्ड सेमूर नावाचा रंगाचा धंदा करणारा माणूस होता, त्याला रेडिएटरला मारायचा ॲल्युमिनियमचा रंग लोकांना दाखवायचा होता, आणि त्याच्या बायकोने सुचवलं की डब्यात भरून फवारता येईल असं काहीतरी कर. रेडिएटर म्हणजे नळ्याच नळ्या, ब्रश आत जात नाही. म्हणजे ही युक्ती जन्मापासूनच अशा अडचणीच्या वस्तूंशी जोडलेली आहे. मोठ्या सपाट पत्र्यावर ती वापरली की पैसेही जास्त जातात आणि पट्टेही दिसतात.

कपाटाचा हिशोब करून बघितला. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल. समोरची बाजू साडेएकोणीस चौरस फूट, दोन्ही कडा मिळून तेवढीच, म्हणजे ३९ चौरस फूट. ४०० मिलीचा एक डबा एका हाताला, म्हणजे एका थराला, साधारण १५-१६ चौरस फूट पुरतो, म्हणजे एका हाताला अडीच डबे, प्रायमरचा (रंगाच्या आधी मारायच्या अस्तराचा) एक हात आणि रंगाचे दोन धरले तर सात-आठ डबे, दोन हजार रुपये नुसत्या कपाटाला. त्यापेक्षा एक लिटर ऑइल पेंट आणि फोमचा छोटा रोलर आणला, काकांनी दोन दुपारी बसून कपाट सुंदर केलं, पाचशेच्या आत. स्प्रेच्या हौसेत लोक इथेच फसतात. एक डबा स्वस्त वाटतो पण मोठ्या वस्तूला ते डबे मोजत बसायची वेळ येते.

प्लास्टिकच्या खुर्च्या पण बाजूला ठेवल्या. मोल्डेड खुर्चीच्या बुडाला त्रिकोणात ५ आकडा असतो, ते पॉलिप्रॉपिलीन, त्यावर साधा स्प्रे धरतच नाही, बसून उठलं की साडीला लागतो. त्याचं वेगळं प्रायमर मिळतं पण तेवढ्या पैशात काय होणार होतं. आणि पितळेची समई, तिच्यावर पण दादाचा डोळा होता, सोनेरी मारू म्हणाला. मी नको म्हटलं. पितळ चिंचेने घासलं की जे तेज येतं ते डब्यातल्या सोनेरीला कधीच येणार नाही, शिवाय पेटत्या वातीजवळ तो रंग काळा पडून सोलणार. चांगलं पितळ, चांगला साग, चांगला तांब्याचा हंडा यांच्यावर स्प्रे मारू नये असं माझं ठाम मत आहे.

आता स्टँड. फेब्रुवारीत, कोरड्या हवेत, अंगणात घेतला. सहा महिने झाले तरी नक्षीच्या वेलींमध्ये पुराचा चिखल तसाच होता, सुकून खापरासारखा कडक. वरून काळं दिसत होतं, पण स्वेटर विणायची सुई घालून टोकरलं की पिवळसर भुकटी पडायची आणि तो वास यायचा, जो त्या जुलैत सगळ्या गावाला येत होता. मावशी शेजारी बसून जुन्या टूथब्रशने एकेक पान मोकळं करत होती, ती बराच वेळ काही बोलली नाही. एका वेलीत तिला शिवणाचं बटण सापडलं, पांढरं, चार भोकांचं, ते तिने धुऊन पदराच्या टोकाला बांधलं.

नंतर गोड्या पाण्याने स्वच्छ धुतला, दोन दिवस कडक उन्हात वाळवला. मग तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर सुटलेल्या गंजावर, १२०, आणि शेवटी २२०. गंज पूर्ण चकाकीत जाईपर्यंत घासायची गरज नव्हती पण बोटाला लागणारा, खवले सुटणारा गंज एकही ठेवायचा नाही हा नियम. शेवटी थिनरच्या फडक्याने पुसून काढला, कारण हाताचा घाम आणि पायडलच्या सांध्यातलं मशीनचं तेल, दोन्हीवर रंग बसत नाही. या सगळ्याला दोघींचे तीन दिवस गेले. रंगाला एक सकाळ लागली. हे प्रमाण कुणी आधी सांगितलं असतं तर सप्टेंबरची घाई केलीच नसती.

वेळ सकाळी दहा ते बारा धरली. त्याआधी दव असतं, लोखंड हाताला गार लागतं. बारानंतर उलटा त्रास, ऊन तापलं की पत्रा चटका देतो आणि रंगाचे थेंब वस्तूवर पोचायच्या आत हवेतच सुकतात, मग हात फिरवला की खरखरीत लागतं. डबा हलवायचा, आतल्या गोळीचा खडखडाट ऐकू आल्यावर पण पुढे दीड-दोन मिनिटं हलवत राहायचा, आणि मधेमधे परत. वस्तूपासून अंतर एक वीत किंवा थोडं जास्त. फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच संपवायचा, म्हणजे टोकाला रंगाचा गोळा होत नाही. आणि पहिल्या हातात पूर्ण काळं करायचा मोह आवरायचा, तो नुसता धुरळा पडल्यासारखाच दिसला पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. नक्षीच्या वस्तूला एकाच बाजूने मारलं तर पानांच्या मागे गंजाचा रंग दिसत राहतो, म्हणून प्रत्येक हाताला स्टँड फिरवला, एकदा वरून, एकदा खालून, एकदा उलटा करून. एका जागी ओघळ आलाच. ओला असताना बोट लावायचं नाही, दुसऱ्या दिवशी ३२० ने घासून तेवढ्यावर परत एक हात दिला, आता मलाही शोधून सापडत नाही.

खुर्च्यांवर मात्र यावेळी पण एक चूक झाली आणि ही चूक फार जणांची होते. स्टँडला आम्ही स्प्रेचंच प्रायमर वापरलं होतं. खुर्च्यांना काकांनी घरात असलेलं रेड ऑक्साइड ब्रशने मारून ठेवलं, पैसे वाचतील म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यावर मोरपंखी स्प्रे मारला आणि पाचच मिनिटांत रंग आक्रसला, उकळलेल्या दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या. कारण असं की ब्रशचं रेड ऑक्साइड तेलाचं असतं, वरून सुकल्यासारखं लागलं तरी आतून कच्चं असतं, आणि स्प्रेमधलं जहाल सॉल्व्हंट त्याला फुलवून उचलतं. एका खुर्चीचं सगळं खरवडून काढावं लागलं. दुसरी तशीच ठेवली, आठवडाभर उन्हात पक्की होऊ दिली, बुडाखाली टिचभर जागेवर मारून बघितलं, काही झालं नाही, मग बाकीची रंगवली. जुन्या रंगावर किंवा दुसऱ्या प्रकारच्या प्रायमरवर मारायचं असेल तर आधी अशी लपलेली जागा बघून एक दिवस थांबाच.

मोरपंखी रंग मावशीने निवडला. मला आधी क्रीम हवा होता, पण खुर्च्या तिच्या, आणि आता बघते तर तेच बरोबर होतं, त्या पांढऱ्या, नवीन प्लास्टर झालेल्या भिंतींसमोर तो रंग इतका जिवंत दिसतो.

आरशाचं काम सगळ्यात सोपं. काच मागून डागाळली होती ती काढून टाकली, चौकट आंब्याच्या लाकडाची, आधीच कधीतरी चंदेरी रंगवलेली, म्हणून स्प्रे मारायला मन कचरलं नाही. ती घासून २०० मिलीचा जुन्या सोन्यासारखा रंग मारला, आणि काचवाल्याकडून ३५० रुपयांत नवी काच बसवून घेतली. काच बसवायच्या आधी रंगवलं की टेप आणि पेपर चिकटवत बसावं लागत नाही.

टेबलाच्या वरच्या बाजूला पुरात मोडलेल्या मागच्या दाराची फणसाची फळी होती. फणसाचं लाकूड पाण्याला दाद देत नाही म्हणतात ते डोळ्यांनी बघितलं, घासल्यावर आतून हळदीसारखा पिवळा रंग निघाला. तिच्यावर एक थेंब रंग लावू दिला नाही मी, नुसतं तेलपाणी केलं. सुतार ४०० रुपयांत कापून, कडा गोल करून, स्टँडवर बसवून गेला.

सुरक्षिततेचं मधेच सांगते कारण हे घराघरातलं आहे. डब्यात रंग ढकलायला जो गॅस असतो तो हल्ली बहुतेक वेळा स्वयंपाकाच्या गॅससारखाच असतो. पूर्वी वेगळा होता, ओझोनला धोका म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो बंद होत गेला. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, पेट घेतो. पहिल्या वेळी आम्ही पडवीत मारत होतो आणि दाराआड देवघरात निरांजन चालू होतं, आज आठवलं तरी पोटात गोळा येतो. दुसऱ्या वेळी अंगण, मोकळी हवा, उदबत्तीसुद्धा नाही. कोरोनातले एन-९५ मास्क घरात होते ते घातले, त्याने रंगाचे बारीक थेंब अडतात, पण थिनरची वाफ अडत नाही, म्हणून मोकळी हवा हवीच. संपल्यावर डबा उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दाबायचा म्हणजे नोझल तुंबत नाही. आणि रिकामा डबा होळीत टाकायचा नाही. पोरं टाकतात, मजा म्हणून. तो बॉम्बसारखा फुटतो.

एकूण खर्च सांगते. प्रायमरचे दोन डबे ५२०, काळा मॅट दोन ५४०, मोरपंखी दोन ५४०, सोनेरी १९०, वरून क्लिअर लॅकरचा (पारदर्शक थराचा) एक २७०, पॉलिश पेपर २००, तारेचा ब्रश ६०, थिनर १५०, हातमोजे आणि टेप मिळून १८०. झाले २६५०. काच आणि सुतार धरून ३४००, कपाटाचं वेगळं. सप्टेंबरचे वाया गेलेले ८१० मी यात धरते, कारण तेही याच कामाचे होते. म्हणजे ४२१०. तेवढ्याच मापाचं साधं टेबल गावात साडेसहा हजार सांगत होते, खुर्च्या आणि आरसा वेगळाच.

रंग हाताला सुकला तरी पक्का व्हायला आठवडा लागतो, म्हणून होळीच्या दहा दिवस आधी सगळं संपवलं होतं. नाहीतर वर ठेवलेलं वर्तमानपत्र चिकटून अक्षरं उमटतात. पालखी आली त्या दिवशी टेबल अंगणात मांडलं, ओटीचं ताट, नारळ, हळदकुंकू. गर्दीतल्या एका बाईने स्टँड ओळखला आणि म्हणाली, "हे तुझं मशीन ना गं?" मावशी म्हणाली, "हो, तेच."

आता तीन वर्षं होऊन गेली. स्टँड आहे तसा आहे, फक्त पायडलच्या कडेला, जिथे नातवंडं अजून पाय ठेवून हलवतात, काळा रंग घासून बीड चमकायला लागलंय, गंज नाही. आरसा उत्तम. खुर्च्यांच्या चारही पायांना मात्र दुसऱ्या पावसाळ्यात खालून गंज चढला. बघितलं तर रबरी बुचं. फरशी पुसली की पाणी बुचात शिरतं आणि तिथेच राहतं. बुचं काढून पाय वाळवले, घासले, उरलेल्या मोरपंखीचा हात दिला, आणि नवी बुचं घालायच्या आधी प्रत्येकाला खालून गरम सुईने भोक पाडलं, पाणी निघून जायला. ही भोकं पाडायची कल्पना मावशीचीच.